चार मतं दिली, आता विचारायचं कोणाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नाशिकचा मतदार पाकिटावर विकला जातो, बायका लाडकी बहीण योजनेच्या दीड हजारावर विकल्या जातात, शिकलेली माणसं सुट्टी म्हणून फिरायला जातात आणि म्हणून महापालिकेत हे असं होतं, तेव्हा मतदान करायला निदान दहावी पासची अट ठेवा. ते पत्र दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून हे लिहायला बसले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता रिटायर आहे, आणि त्या काळात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत इतक्या निवडणुकांच्या ड्युट्या केल्या की मोजायचं सोडून दिलं. साहित्य घ्यायला सकाळी रांगेत उभं राहायचं, मशीनच्या पेट्या मांडीवर घेऊन बसमध्ये बसायचं, रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं आणि पहाटे पाचला उठून मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी. मतदार आत पडद्यामागे काय करतो ते आम्हाला दिसत नाही आणि दिसूही नये, पण रांगेत उभा असतानाचा चेहरा दिसतो, बाहेर पडतानाचा दिसतो, आणि कधीकधी त्याच्या तोंडून एखादं वाक्य निघून जातं. त्या वाक्यांवरून सांगते, तो बिनडोक नाहीये.

२१ फेब्रुवारी २०१७, आपल्या महापालिकेची निवडणूक. कंट्रोल युनिट, म्हणजे मतदाराला मशीन चालू करून द्यायचं यंत्र, माझ्याकडे होतं. दुपारी दोन अडीचची वेळ, उन्हामुळे रांग कमी झालेली. एक आजी आल्या, नऊवारी, हातात मतदार चिठ्ठी इतकी घट्ट धरलेली की तिची घडी ओली झालेली. बोटाला शाई लावताना म्हणाल्या, "जरा नीट लाव गं, पुसाय नको." मी बटण दाबलं, त्या पडद्यामागे गेल्या. मग बराच वेळ झाला तरी मत पूर्ण झाल्याची लांब बीप काही येईना. त्या वेळी चार सदस्यांचा प्रभाग पहिल्यांदाच आलेला, म्हणजे एकाच भागातून चार नगरसेवक निवडायचे, अ ब क ड अशा चार जागा, प्रत्येक जागेच्या कागदाचा रंग वेगळा, आणि चारही मतं झाल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. मी जागेवरून विचारलं, "आजी, चारही झाली का?" त्यांनी पडद्याआडून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "दोगं म्हाईत हायेत मला, त्यास्नी दिलं. बाकीच्या दोगांना मी वळखत नाय, मग कसं देऊ?" केंद्राध्यक्ष सरांनी सांगितलं की कोणीच नको असेल तर सगळ्यात खाली नोटाचं बटण आहे. "नोटा म्हंजे?" याच्यापुढे आम्हाला काही बोलता येत नाही, उमेदवारांचे एजंट खुर्चीत सावरून बसलेले, सगळ्यांचे कान तिकडे. आजी परत आत गेल्या, थोड्या वेळाने बीप आली. बाहेर पडताना माझ्या टेबलापाशी थांबून हळूच म्हणाल्या, "पहिल्या दोगांचं जे चित्र होतं त्येच दाबलं बाई." आणि तोंड असं केलं होतं की जसं काही चूक करून आल्या.

नऊ वर्षं झाली, तो चेहरा मी विसरले नाही. कारण त्या दिवशी त्या केंद्रावर त्यांच्यासारखा प्रामाणिक विचार किती जणांनी केला असेल मला माहीत नाही. ज्याला ओळखते त्याला देते, ज्याला ओळखत नाही त्याला कसं देऊ. आपण मुलगी देताना, भिशी लावताना, दुकानदाराकडे उधारी ठेवताना हेच बघतो ना? आजींचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्यापुढे अशी पद्धत ठेवली होती की अर्ध्या मतांपुरतं त्यांचं शहाणपण उपयोगी पडलं आणि उरलेल्या अर्ध्याला चित्र. माझं या पत्रात एवढंच म्हणणं आहे, मतदार विचार करतो, पण चार सदस्यांच्या प्रभागात तो विचार पोचायचा तिथे पोचत नाही आणि नंतर जाब विचारायलाही जागा राहत नाही. मतदाराला दहावीची अट घालण्याआधी प्रभागाकडे बघा.

आधी मतदार विचार करतो का ते सांगते, आणि नाशिकचंच सांगते. २००९ च्या विधानसभेला शहरातल्या पूर्व, मध्य, पश्चिम तिन्ही जागा मनसेला दिल्या. २०१२ ला महापालिकेत १२२ पैकी ४० नगरसेवक मनसेचे, सगळ्यात मोठा पक्ष, महापौर त्यांचा. २०१४ ला त्याच तिन्ही विधानसभा जागा भाजपला गेल्या, आणि २०१७ ला महापालिकेत मनसेचे ४० वरून ५ राहिले, भाजपचे ६६ झाले. पुढे २०२४ बघा, २० मे ला लोकसभेचं मतदान झालं त्यात नाशिकमधून ठाकरे गटाचे राजाभाऊ वाजे निवडून आले, आणि सहाच महिन्यांनी २० नोव्हेंबरला विधानसभेला याच शहरातल्या त्या तिन्ही जागा परत भाजपला मिळाल्या. कोण बरोबर कोण चूक हे मला सांगायचं नाही, मी कोणत्याच पक्षाची नाही आणि या पत्रात कोणाचा प्रचार करायचा नाहीये. पण जो मतदार पाच वर्षांत ४० चे ५ करतो, सहा महिन्यांत दिल्लीसाठी एक आणि मुंबईसाठी दुसरं ठरवतो, तो मेंढरासारखा मान खाली घालून चाललाय असं कसं म्हणायचं? तो बघतोय, तुलना करतोय, याला एक चान्स दिला, झालं नाही, आता दुसऱ्याला देऊन बघू. सामान्य माणसाजवळ जाहीरनामे वाचायला वेळ नसतो, आणि त्याला ते फारसं लागतही नाही, त्याला एवढं कळलं तरी पुरतं की मागच्या पाच वर्षांत माझं बरं झालं की वाईट आणि ते कोणामुळे. यातला "कोणामुळे" हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं येणार आहे.

आता स्वतःचा फायदा बघून मत देणं म्हणजे विकलं जाणं, हे जे त्या गृहस्थांनी लिहिलंय त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, तीही शुल्क आणि किमान भाव लावून. मधल्या काळात लासलगाव, पिंपळगाव, उमराण्याला कांद्याचं काय झालं ते जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. दोनच आठवड्यांनी जिल्ह्यातल्याच दिंडोरीत लोकसभेचं मतदान झालं आणि केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. तेव्हा आपण सगळे म्हणालो की शेतकऱ्याने जाब विचारला, आणि ते खरंच होतं. सातपूर अंबडच्या कारखानदारांनी वीजदर बघून मत ठरवलं तर त्याला आपण उद्योगाचा विचार म्हणतो. पगारदार माणूस इन्कम टॅक्सचा स्लॅब बघतो, आम्ही शिक्षक जुन्या पेन्शनचं बघतो, मी स्वतः बघितलंय, खोटं कशाला बोलू. मग माझ्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या बाईने दर महिन्याला खात्यात १५०० रुपये येतात हे बघून मत दिलं तर तीच एकटी विकली गेली का हो? तिने त्या पैशातून मुलाची क्लासची फी भरली, आयुष्यात पहिल्यांदा बँकेत स्वतःच्या नावाचं पासबुक घेऊन एकटी गेली. योजना चांगली की वाईट, तिजोरीला झेपते की नाही, यावर जरूर वाद घाला, मलाही त्यात शंका आहेत. पण त्या बाईच्या डोक्यात विचारच नव्हता असं म्हणू नका.

आणि बायकांच्या मताबद्दल हे असं बोलणं आजचं नाही. पहिली लोकसभा निवडणूक १९५१-५२ ला झाली तेव्हा मतदार यादी करायला गेलेल्या लोकांना लाखो बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त, त्यांनी सांगितलं अशी नोंद चालणार नाही, मतदाराला स्वतःचं नाव असलं पाहिजे, आणि जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. कडक वाटतं ऐकायला, पण पुढच्या निवडणुकांना बायका नाव सांगायला लागल्या. तिथून आपण आज इथे आलोय. एका ड्युटीला, गाव सांगत नाही, एक तिशीतली बाई मत देऊन बाहेर आली, नवरा दारातच उभा, तिने माझ्याकडे बघितलं आणि पेन परत देताना पुटपुटली, "घरात सांगितलंय एक, दिलंय एक." आणि सरळ निघून गेली, मागे वळून पण बघितलं नाही. तिच्या आणि नवऱ्याच्या मध्ये तो पुठ्ठ्याचा पडदा होता म्हणून ती ते करू शकली. गुप्त मतदान गुप्त मतदान म्हणतात ते काय, मला त्या दिवशी नीट कळलं.

त्याच पुठ्ठ्यामुळे पाकिटाचं पण सांगता येतं. पाकिटं वाटली जातात हे मी नाकारत नाही, सगळ्या शहराला माहीत आहे, आदल्या रात्री गल्लीत गाड्यांचे लाईट बंद करून कोण फिरतं ते. कायद्याने देणारा गुन्हेगार आणि घेणारा पण गुन्हेगार, एक वर्षापर्यंत कैद आहे. पण पाकीट घेतलं म्हणजे मत गेलं हे गणित वाटणाऱ्यांना तरी कुठे जमतंय? दोघातिघांचं घेतलं तर मत एकालाच जाणार, बाकीच्यांचं गेलंच ना. आणि आत काय दाबलं ते कोणाला कळत नाही. मला एका जुन्या कार्यकर्त्याने सांगितलं होतं, मॅडम, वाटलं म्हणून निवडून येईल याची गॅरंटी नाही, पण समोरचा वाटतोय आणि आपण नाही वाटलं तर लोक म्हणतात हा काही सिरीयस नाही. म्हणजे सगळेच एकमेकांच्या भीतीने वाटतात. यात नुकसान कोणाचं, तर ज्याच्याकडे पैसे नाहीत पण काम करायची तळमळ आहे अशा उमेदवाराचं, तो रिंगणातच येत नाही. मतदाराचं मन पाकिटाने फिरतं त्यापेक्षा मतदारासमोर कोण उभं राहणार हेच पाकिटाने जास्त ठरतं, आणि ते जास्त वाईट आहे. आता प्रभाग जेवढा मोठा तेवढी पाकिटं जास्त, हे सांगायला शिक्षिका लागत नाही.

तर प्रभागाकडे येते.

आपल्याकडे ३१ प्रभाग, त्यातले २९ चार सदस्यांचे आणि २ तीन सदस्यांचे, मिळून १२२. २०११ च्या जनगणनेला शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, त्याला १२२ ने भागलं तर एका नगरसेवकामागे १२ हजार माणसं येतात. बारा हजार म्हणजे मोठं खेडं, सायकलवर फिरून होणारं, तिथला माणूस उमेदवाराला ओळखतो, त्याचा बाप काय करायचा हे पण ओळखतो. पण भागायचं १२२ ने नाही, ३१ ने, आणि मग येतात ४८ हजार, तेही पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर, आताचं शहर त्याच्या कितीतरी पुढे गेलंय. म्हणजे नाव नगरसेवकाचं आणि प्रचार छोट्या तालुक्याचा. एकटा अपक्ष एवढ्या घरांपर्यंत पोचणार कसा, म्हणून चौघांचं मिळून पॅनल लागतं, पॅनल म्हटलं की पक्ष, पक्ष म्हटलं की चिन्ह, आणि मग माणसाचा चेहरा मागे पडतो. कार्यकर्ते दारावर येऊन काय सांगतात? "ताई, चारही एकाच चिन्हावर मारा, डोकं लावू नका." १५ जानेवारी २०२६ ला, महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी, माझ्या दारात उभं राहून एक बावीस वर्षांचा मुलगा हेच वाक्य बोलला, माझाच विद्यार्थी शोभला असता. मी त्याला विचारलं क गटात तुमचा उमेदवार कोण रे, त्याला खिशातला कागद काढून बघावं लागलं.

चिन्ह वाईट असं मी म्हणत नाही. वाचता न येणाऱ्या माणसाला मताचा हक्क मिळाला तो चिन्हामुळेच, पहिल्या निवडणुकीत तर प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी आणि पेटीवर चिन्ह. पण चिन्हावर किती भार टाकायचा? दिंडोरीतलंच २०२४ चं बघा, शरद पवार गटाचे भास्कर भगरे सर, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि त्याच यादीत भगरेच आडनावाचा एक अपक्ष, त्याचं चिन्ह ट्रम्पेट, आपण ज्याला पिपाणी म्हणतो ते. त्या अपक्षाला एक लाखाच्या वर मतं पडली. सगळीच चुकून पडली असं मी छातीठोक सांगणार नाही, पण एक खासदार निवडायचा होता, बटण एकच दाबायचं होतं, तरी एवढी गफलत होऊ शकते तर चार रंगांच्या चार कागदांवर, एवढ्या सगळ्या नावांत काय होत असेल. आणि एकेका मताला किंमत असते, त्याच २०२४ मध्ये विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला.

बरं, ही पद्धत तरी कायम आहे का? २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एक सदस्यांचा वॉर्ड, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. मग महाविकास आघाडीच्या काळात आधी एक ठरलं, नंतर तीन ठरले, २०२२ ला सरकार बदललं आणि परत चारवर आलो. मुंबईत मात्र या सगळ्या काळात एक वॉर्ड एक नगरसेवक, २२७ चे २२७. सरकार कोणाचंही असो, हात सगळ्यांचे यात आहेत. परीक्षेच्या आदल्या महिन्यात दर वेळी पेपरचा पॅटर्न बदलला तर पालक शाळेवर मोर्चा घेऊन येतील, इथे मतदाराने निमूट घ्यायचं, आणि निकाल लागल्यावर वर त्यालाच नापास म्हणायचं.

आता "कोणामुळे" या शब्दाकडे परत येते. २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं, घाण पाणी तळमजल्यावरच्या घरात. मी चारही नगरसेवकांचे नंबर काढले. पहिले म्हणाले ताई आम्ही एरिया वाटून घेतलाय, तुमची गल्ली ब वाल्यांकडे. ब च्या ताईंचा फोन त्यांच्या मिस्टरांनी उचलला, ते म्हणाले निधी यंदा मंदिराकडच्या रस्त्याला दिला, तुम्ही ड ला विचारा. ड म्हणाले मी सांगतो पण क्रेडिट ते घेतील. चौथ्यांचा फोन लागला नाही. कायद्यात कुठेही एरिया वाटून घ्या असं लिहिलेलं नाही, चौघंही अख्ख्या प्रभागाचे. त्या चौघांत दोन जण माझ्या मताने चांगले होते, अजूनही म्हणते, पण चौघांमध्ये काम असलं की ते कोणाचंच नसतं. एक ना धड भाराभर चिंध्या. आठ दिवसांनी चेंबर साफ झालं आणि नंतर गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला, त्यावर चौघांचेही फोटो. मी त्या फ्लेक्सखाली उभी राहून विचार करत होते की पुढच्या वेळी मी यातल्या कोणाला शिक्षा देऊ आणि कोणाला शाबासकी, मला खरंच ठरवता येईना. मतदाराच्या हातात पाच वर्षांतून एकदा एकच गोष्ट असते, ज्याने केलं त्याला ठेवायचं, ज्याने नाही केलं त्याला घरी पाठवायचं. केलं कोणी हेच कळत नसेल तर ती गोष्ट पण हातातून गेली. पुढे मार्च २०२२ ला मुदत संपली, आणि जानेवारी २०२६ पर्यंत जवळजवळ चार वर्षं कारभार सरकारी प्रशासकाकडे, म्हणजे फोन करायला चार पण राहिले नाहीत. सुप्रीम कोर्टाने तारीख घालून दिली म्हणून निवडणूक झाली नाहीतर अजून किती लांबली असती कोण जाणे.

चार सदस्यांच्या बाजूने बोलणारे पण आहेत आणि त्यांचे सगळेच मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत. ते म्हणतात छोटा वॉर्ड केला की गल्लीतला दादा दोन चाळी आणि एक सोसायटी हातात धरून निवडून येतो, मोठ्या प्रभागात त्याला ते जमत नाही. असू शकतं. पण तो दादा मोठ्या प्रभागात पॅनलमध्ये चौथा म्हणून चिन्हाच्या पाठीवर बसून येतोच ना, आणि तिथे तो कोणाच्या नजरेत पण भरत नाही. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, बायकांचा. राज्यात निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येक ठिकाणी दोन बायका असतातच, एक सदस्यांच्या वॉर्डात सोडतीत जिथे निघेल तिथेच. बाई म्हणून मला हा मुद्दा टोचतो. पण राखीव वॉर्डातून एकटीने निवडून आलेल्या बाईचं काय होतं ते मुंबईत बघायला मिळतं. रिखिल भावनानी या अभ्यासकांनी तिथल्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांचा अभ्यास केलाय, जो वॉर्ड १९९७ ला महिलांसाठी राखीव होता तो २००२ ला खुला झाल्यावर सुद्धा तिथून बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांपेक्षा जवळजवळ पाच पट होती. एकटीच्या नावावर वॉर्ड असला की लोकांना तिचं काम दिसतं, पक्षाला पण कळतं की बाई सीट काढू शकते. पॅनलमध्ये तिचा फोटो असतो आणि फोन मिस्टरांकडे, हे मी वर लिहिलंच आहे.

आमच्या घरात पण यावर भांडण होतं. माझा भाऊ म्हणतो ताई, क्रॉस व्होटिंग करा ना, कोणी अडवलंय, अ ला एक पक्ष ब ला दुसरा. तो करतो, मी पण करते, या वेळी पण केलं. पण त्यासाठी आम्ही दोघांनी मिळून उमेदवारांची शपथपत्रं वाचली, संपत्ती, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात असतं, २००२ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला म्हणून आज ते आपल्याला वाचायला मिळतं. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. सकाळी सहाला अंबडला शिफ्टला जाणाऱ्या माणसाने ते कधी वाचायचं? एका वॉर्डात चार पाच उमेदवार असते तर त्याने पण वाचलं असतं, चहाच्या टपरीवर चर्चा झाली असती. आता टपरीवर चर्चा पक्षाची होते, क गटातल्या माणसाची होत नाही.

म्हणून सरकारकडे मागणी एकच, पुढच्या निवडणुकीच्या आत नाशिकसकट सगळ्या महापालिकांना मुंबईसारखा एक वॉर्ड एक नगरसेवक करा आणि तो परत परत बदलू नका. आणि ते होईपर्यंत कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे ती तरी वापरा, लोकांना बोलवा, चौघांना एका रांगेत खुर्च्यांवर बसवा आणि कोणी काय केलं ते ज्याचं त्याने सांगू द्या. २०२७ ला सिंहस्थ कुंभमेळा आहे, साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहर किती पेटलं होतं ते आपण बघितलंच, रस्ते, घाट, साधुग्राम, सगळे निर्णय याच सभागृहासमोर येणार, तेव्हा कोणी हात वर केला आणि कोण गैरहजर होतं हे आम्हाला कळलं पाहिजे.

तुमच्या पेपरला एक विनंती. महासभा झाली की दुसऱ्या दिवशी गोंधळाची बातमी येते, कोण कोणाला काय बोललं ते येतं. त्याबरोबर महिन्यातून एकदा एक पान द्या, प्रभागवार, चारही नावं वेगवेगळी, अ ब क ड, प्रत्येकाच्या पुढे हजेरी किती, प्रश्न किती विचारले, निधी कुठल्या कामाला दिला. १२२ नावांचं काम आहे, तुमच्या एका वार्ताहराला झेपणार नाही हे मला समजतं. प्रत्येक प्रभागात माझ्यासारखे दोन चार रिटायर लोक सापडतील. आमच्या प्रभागाचं मी करून देते, मला हजेरीपट मांडायची सवय आहे, महिन्याच्या पाच तारखेला तुमच्या शरणपूर रोडच्या बाजूला कामाला येणं होतंच, तेव्हा आणून देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
नाशिक